झेंड्याची गाठ

पंधरा ऑगस्टला नव्या सरपंच मनकर्णाबाईंनी दोरी ओढली, पण खांबाच्या टोकाला गुंडाळलेला झेंडा काही सुटेना. सारं गाव माना वर करून बघत होतं.

"काकू, द्या इकडं. बाईमाणसाचा जोर न्हाई पुरायचा," म्हणत उपसरपंच कानिफनाथ पुढं सरसावला.

आज दोरी सोडली तर पुढची पाच वर्षं हाच ओढणार, हे बाईंनी ओळखलं.

"गाठ कुनी मारली रं?"

"म्याच."

"तरीच. बैल बांधलास व्हय दावणीला? हितं सुरगाठ लागती."

त्यांनी झेंडा सावकाश खाली घेतला, आवळलेली निरगाठ नखांनी सोडवली, सुरगाठ मारून तो पुन्हा वर चढवला आणि एकच हिसका दिला. फुलं कानिफनाथाच्या टोपीवर पडली. सलामी मात्र त्याला द्यावीच लागली.