'वणवा', 'अंगण' आणि मी

अहेरीतल्या एका लोखंडी कपाटावर धूळ खात पडलेला मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. पंचाण्णव साली बल्लारपूरच्या एका दुकानातून भागीरथा आणि तिचा धाकटा भाऊ लच्छू यांनी मला घरी आणलं. दोघांनाही 'वणवा' या रॉक बँडचं वेड होतं. त्याचा गायक रिंकू तार सप्तकात गेला की माझी जाळी थरथरायची आणि ती दोघं खूश व्हायची. माझ्या आयुष्यातले ते भरभराटीचे दिवस.

मग भागीरथाला अहेरीच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. ती एकटीच निघाली, सोबत मला घेऊन. ड्यूटीवरून आली की माझ्याशिवाय तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं.

नव्याण्णवच्या डिसेंबरात लच्छूने एक कॅसेट पाठवली. रिंकूने 'वणवा' न सोडता 'अंगण' नावाचा दुसरा छोटा बँड काढला होता. सोबत चिठ्ठी होती : 'ताई, वणव्यात तो वरडते. इथी तो बोलून राह्यला. मले त हेच आवडलं.'

भागीरथाने दोनच गाणी ऐकली आणि मला बंद केलं.

"काऊन वो, बंद काऊन केलं?" घरमालकीण देवकाबाईंनी विचारलं.

"ढोल नाई, दम नाई. हा आपला रिंकूच नाई, बाई."

तिने लच्छूला तसंच लिहिलं, वर 'असलं पुन्हा पाठवू नको' असंही. त्यानंतर त्याचं पत्र आलं नाही. तीही रुसून बसली. सव्वा वर्ष गेलं.

एका दुपारी तिने चुकून तीच कॅसेट लावली. गाणं सुरू झालं तोवर हात कणकेत होते, म्हणून बंद करता आली नाही. रिंकू हळू गात होता. दोन ओळींमधला त्याचा श्वाससुद्धा मी तिला ऐकवला. तिचे हात थांबले. गाणी संपली, थोडी खरखर झाली, आणि लच्छू बोलू लागला.

"ताई, नऊ जानेवारीले अंगण चंद्रपूरले येऊन राह्यलं. दोन तिकिटं काढली. बसस्टँडवर थांबतो. तुले नाई आवडलं त उठून येऊ."

दुसऱ्या दिवशी मला मांडीवर घेऊन ती बल्लारपूरच्या बसमध्ये बसली.

"मी शेवटपर्यंत आयकलंच नव्हतं रे," ती लच्छूच्या दारातच म्हणाली.

लच्छूने मला तिच्या हातातून घेतलं. "अहेरीची शेवटची गाडी येईपर्यंत थांबलो. कार्यक्रम पाह्यलाच नाई. आता त तो बँडही मोडला, ताई."

त्याने चहा केला. दोघांनी कॅसेट पुन्हा ऐकली. भांडण मिटलं, पण लच्छूने परत कधी कॅसेट पाठवली नाही, आणि तिनेही मागितली नाही.

आता माझा पट्टा सैल झाला आहे, आवाज ओढल्यासारखा येतो. माझी धूळ पुसली नाही तरी चालेल, मित्रांनो. पण तुमच्यासाठी कुणी हौसेने काही पाठवलं, तर आवडो न आवडो, ते शेवटपर्यंत ऐका. माझ्या पोटात काय आहे ते मला नेहमीच ठाऊक असतं. पण कुणी बटण दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही.