आर्डिसबाई घर मागे घेतात

लिनेट मिनेसोटाहून आली ती आईला घेऊन जायलाच. बॅग खाली ठेवायच्या आधी तिनं सांगून टाकलं, "आई, माझ्याकडची तळघरातली खोली रंगवून घेतलीय. ट्रेलर इथंच विकून टाकू."

आर्डिसबाई एकाहत्तर वर्षांच्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी आणि नवऱ्यानं, ऑर्विलनं, दुमजली घर विकून अठ्ठावीस फुटी ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या घरात, संसार मांडला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, यांचं पिकअपच्या मागे. उन्हाळा उत्तरेत, हिवाळा इथं दक्षिणेत, युमाजवळच्या या ट्रेलर-पार्कात. गेल्या फेब्रुवारीत ऑर्विल गेला आणि घर चाळीस नंबरच्या जागेवर जे थांबलं ते थांबलंच. आता सांडपाण्याचा पाइप बदलायला ती सगळी रांग खणायची होती, म्हणून मॅनेजरनं त्यांना चौदा नंबर दिला होता. लिनेटच्या हातात आयतंच कोलीत मिळालं.

"बघ ना. घर दोनशे फूट हलवायचं तरी तुला शेजारच्या ड्वेनच्या दारात जावं लागणार. याला काय जगणं म्हणतात?"

"मी स्वतः हलवलं तर?"

"तू?"

"मीच. चौदा नंबरात, एका दमात. गाडी पुन्हा पुढे घेणार नाही. जमलं तर तू एकटी परत जायचंस. चुकलं तर तुझं तळघर."

लिनेट विमा कंपनीत होती. चेपलेली वाहनं तपासण्यात तिची पंचवीस वर्षं गेली होती. ती लगेच म्हणाली, "कबूल."

"फक्त मागे उभं राहून हात दाखवायला एक माणूस लागेल. तो सगळ्यांनाच लागतो."

"घे की कुणालाही."

"तू," आर्डिसबाई म्हणाल्या.

ट्रेलर मागे घेणं म्हणजे उलटं शास्त्र. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की घर उजवीकडे जातं, आणि जरा जास्त फिरवलं की मधोमध दुमडून बसतं. अकरा वर्षं चाकावर ऑर्विल बसे आणि मागे उभ्या राहून आर्डिसबाई हात हलवत. लोक वाहवा करत ती ऑर्विलची. बाई मनात म्हणत, करा बापडे! ऑर्विलला डाव्या डोळ्यानं धड दिसत नव्हतं, हे त्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो गेल्यावर बाई स्वस्थ बसल्या नव्हत्या. लेट्यूसच्या शेतांमागे मोकळं रान होतं. तिथं ड्वेनच्या छोट्या सामानाच्या ट्रेलरवर त्यांनी तीन महिने दर रविवारी सराव केला होता. चाक त्यांना जमत होतं. घोडं अडलं होतं ते मागच्या माणसापाशी, कारण मागे उभी राहणार होती लिनेट आणि तिला आई हरायला हवी होती.

पण पोटची पोर. तिची खोड बाईंना पाठ होती. लिनेटला कुणी हसलेलं आजवर कधी खपलं नव्हतं. सातवीत असताना कुणीतरी हसलं म्हणून ती तापात स्केटिंगला गेली होती आणि पहिली आली होती. सकाळी बाई लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन ड्वेनकडे गेल्या. ड्वेन म्हणजे निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर, गडगडाटी आवाजाचा. त्याची बायको पर्ल त्याहून तिखट.

"आज तुम्ही मला हसू नका," बाई म्हणाल्या. "लिनेटला हसा. पोटभर."

"वड्या दिल्या नसत्यास तरी हसलो असतो," पर्ल म्हणाली.

चार वाजता खुर्च्या निघाल्या. पार्कात कुणी ट्रेलर मागे घेणार म्हटलं की सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन रस्त्याकडेला बसत. फुकटचा खेळ. उंटावरून शेळ्या हाकायची हौस कुणाला नसते? आज तर वीसेक मंडळी जमली होती. रस्त्यावरून पाहताना चौदा नंबरच्या डाव्या अंगाला विजेचा खांब, उजव्या अंगाला मेस्किटचं जुनं झाड, आणि मधल्या फटीत जेमतेम घर मावेल एवढी जागा.

बाई पिकअपमध्ये बसल्या. आरशात पाहिलं तर लिनेट हाताची घडी घालून उभी.

"येऊ दे," ती म्हणाली. बस, एवढंच.

घर मागे सरकलं, आणि तिरकं होऊन खांबाकडे निघालं. लिनेट गप्प.

ड्वेन ओरडला, "अरे ती विमावाली आहे! धडक झाल्यावरच बोलायचा पगार मिळतो तिला!"

खुर्च्या खदखदल्या.

"ऑर्विलची पोर ना ही?" पर्ल म्हणाली. "आणि डावं-उजवं कळत नाही! बाप असता तर तोंड लपवलं असतं त्यानं."

लिनेटच्या मानेवर लाली चढलेली बाईंना आरशातसुद्धा दिसली. हाताची घडी सुटली.

"थांब!" ती ओरडली. "आई, थांब! उजवीकडे फिरव. अजून. आता सरळ. सरळ म्हणतेय ना!"

"मुली, झाड आलं बघ," ड्वेन म्हणाला.

"मला दिसतंय झाड! तुम्ही तुमची खुर्ची सांभाळा!"

मग ती धावत एकदा खांबाकडे, एकदा झाडाकडे. गुडघ्यावर बसली, फांदी हातानं मागे ओढून धरली, पांढऱ्या पँटची माती झाली. बाई आरशात तिच्याखेरीज काहीच पाहत नव्हत्या. मागे अख्खं घर आणि आरशात वीतभर माणूस. ते हात हलवील तिकडे जायचं. ऑर्विल अकरा वर्षं हेच बघत आला होता, आणि एकदाही त्यानं विचारलं नव्हतं की तुला नक्की दिसतंय ना. बाईंचे डोळे भरून आले. ही वेळ वाईट होती, कारण आरसा धूसर झाला.

"ये, ये, ये... बस!" लिनेटनं दोन्ही हात वर केले. "एका दमात! बघितलंत?" ती खुर्च्यांकडे वळली. "कुणाला हसत होता? खांबापासून चार बोटं आणि झाडापासून सहा!"

खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या. लिनेटनं वाकून नमस्कारसुद्धा केला. मग तिचे हात हवेतच थांबले. आपण काय करून बसलो, ते तिला आत्ता उमगलं.

ती पिकअपच्या खिडकीशी आली. "तू मला बनवलंस."

"बनवलं," बाई म्हणाल्या. "पण तू मला खांबावर घालू शकली असतीस."

"मनात आलं होतं. दोनदा." लिनेटनं गुडघे झटकले. "पुढच्या वेळी मागे कोण उभं राहणार आहे, आई? एप्रिलमध्ये हे सगळे आपापल्या वाटेनं जातील."

याच प्रश्नानं वर्षभर बाईंची झोप उडवली होती, आणि तो त्यांनी ड्वेनलाही सांगितला नव्हता. त्यांनी इंजिन बंद केलं.



"घर हलवायची तारीख आधी कळवत जा," लिनेट म्हणाली. "मला रजा काढावी लागते. आणि इतक्या जोरात मागे येत जाऊ नकोस. माझं आता पळायचं वय राहिलंय का?"