यम्माच्या नावाचा बिसारा

हिवाळ्यात आमच्या शफशावन गावात उजेड घाईने येत नाही. आधी तो डोंगराच्या कड्यावर बराच वेळ थबकतो, खाली उतरावे की नाही हे अजून ठरायचे असल्यासारखा. मग मशिदीच्या मनोऱ्याचा एक कोपरा पिवळसर होतो, मग कौलांची वरची ओळ, आणि त्यानंतर तो भिंतींच्या निळ्या चुन्यावरून इतका सावकाश ओघळतो की हलताना दिसतच नाही. मघाशी अंधारात असलेला एखादा खिळा आता दिसतो आहे, एवढेच कळते. अंगणात पोचेपर्यंत त्याच्यातली ऊब सरलेली असते. तो शेगडीच्या धुरात शिरतो आणि तिथेच विरघळतो.

त्या सकाळी अय्याद उंबऱ्यावर बसून हा उजेड पाहत होता. उजेडाकडे पाहिले, की रहीमूकडे पाहावे लागत नसे.

रहीमू ही त्याच्या वडिलांची दुसरी बायको. अय्यादची यम्मा, म्हणजे आई, गेली त्याला त्या दिवशी वर्ष होत होते. मधल्या वसंतात मुफद्दलने, म्हणजे अय्यादच्या बाने, डोंगरातल्या एका खेड्यातून या विधवेला घरात आणले होते. आई म्हणायचे नाही, म्हणून मुले तिला खाल्ती, म्हणजे मावशी, म्हणत, वाटेतल्या कोणत्याही वडीलधाऱ्या बाईला म्हणावे तसे. अय्यादची थोरली बहीण सौदिया शेजारच्याच गल्लीत नांदत होती. पण रोज सकाळी ती माहेरी हजर होई, आणि रहीमूने मांडलेल्या प्रत्येक भांड्यात नाक खुपसून यम्माचे नाव काढी. जिरे जाडच वाटले, तेल पातळच ओतले, यम्मा असे करत नसे. इतक्या महिन्यांच्या या कटकटीला बा विटला होता. मृताच्या नावाने वर्षाला दान द्यायचे असते. यम्माच्या नावाने मशिदीच्या दारात वाटाण्याच्या डाळीचे दाट कढण, म्हणजे बिसारा, वाटायचा होता. आदल्या संध्याकाळी त्याने सांगून टाकले, की उद्याचा बिसारा रहीमू करील, आणि तो यम्माच्या तोडीचा झाला तर या घरात पुन्हा कोणी तोंड उघडायचे नाही. नाही झाला, तर रहीमूने भावाकडे जावे. मेलेल्या माणसाच्या दानात खोट नको.

निवाडा अय्यादने करायचा होता. तापातून उठल्यापासून बाच्या जिभेला मीठ आणि साखर सारखीच लागत असे. सौदियाचा शब्द एकतर्फी, हे त्यालाही ठाऊक होते. अय्याद मात्र क्वचितच बोलणारा, त्यामुळे त्याच्या बोलण्याला घरात वजन होते. आपल्याला जगात कोणी विचारत नाही, या दुःखात तो मोठा झाला होता. आणि आता विचारले गेल्यावर त्याला आपल्या छातीत एक थंड, गोड ताठा चढत असल्याचे जाणवले.

 रहीमूने वाटाण्याची डाळ पाणी नितळ होईपर्यंत धुतली, मडक्यात घालून निखाऱ्यांवर ठेवली, वर येणारा फेस पुन्हा पुन्हा काढून टाकला. लसणाच्या पाकळ्या तिने सालीसकट टाकल्या आणि शिजल्यावर एकेक पिळून गर आत सोडला. मीठ डाळ विरघळल्याशिवाय घातले नाही. आटले तेव्हा दुसऱ्या विस्तवावरचे उकळते पाणीच ओतले, आणि लाकडी डाव तळापासून एकदाही उचलला नाही.

सौदिया पायरीवर बसून पाहत होती. "खाल्ती, तुमच्या डोंगरात याला बिसारा म्हणतात की गुरांचं आंबोण?"

"गुरं निदान भांडं चाटूनपुसून ठेवतात, सौदिया. नावं नाही ठेवत."

मग रहीमूने मडके उतरवून थोडा वेळ झाकून ठेवले. पृष्ठभागावर साय धरली, तशी तिने ताजे कुटलेले जिरे आणि लाल मिरचीची पूड भुरभुरली, नव्या जैतून तेलाची हिरवी धार सोडली आणि पहिला वाडगा जवाच्या भाकरीसकट अय्यादपुढे ठेवला.  तिच्या भावाच्या घरी भावजय होती आणि एकच खोली होती, हे साऱ्यांना माहीत होते.

अय्याद खाऊ लागला. तो हळूहळू खात होता, डोळे मिटून. आणि बाला वाटले की मुलगा आईच्या आठवणीत बुडाला आहे. भाकरीचा शेवटचा तुकडा वाडग्याच्या कडेने फिरवून त्याने तोंडात टाकला.

"बोल," बा म्हणाला.

"यम्माच्या हातची चव नाही, बा."

एवढेच. आवाज मऊ होता, जवळजवळ दुःखी. सौदियाने तोंडावर पदर धरला. बाने आपल्या विणकराच्या जाड बोटांकडे पाहिले आणि मान हलवली. दिलेला शब्द मागे घेणे त्याला कधी जमले नव्हते.

रहीमू वाकली आणि तिने वाडगा उचलला. तो उजेडाकडे धरून तिने आत पाहिले.

"धुवायचंसुद्धा काम ठेवलं नाहीस, अय्याद," ती म्हणाली, आणि गाठोडे बांधायला आत गेली.

मडके सौदियानेच मशिदीच्या दारात नेले. लोकांनी ते तळापर्यंत खरवडले. एका आंधळ्या म्हाताऱ्याने दोनदा मागून घेतला, आणि करणाऱ्या हातांवर देवाची कृपा असो, म्हणून यम्माच्या नावाने दुवा मागितली. त्याच वेळी रहीमू खालच्या वेशीजवळ, डोंगरात जाणाऱ्या गाडीची वाट पाहत, डोक्यावर गाठोडे घेऊन उभी होती. अय्यादने तिला गच्चीवरून पाहिले. बराच वेळ पाहिले. त्याच्या डोळ्यांत पाणीही आले, आणि आपण किती हळवे आहोत या विचाराने ते आणखी वाढले.

दुसऱ्या सकाळी सौदिया पहाटेच आली. आता तुम्हांला घरचं खायला घालते, म्हणाली, अगदी यम्मासारखं. तिने डाळ मडक्यात लोटली, वर मीठ टाकले, आणि शेजारणीशी बोलायला दारात गेली. आटले तेव्हा रांजणातले गार पाणी ओतले. यम्माही असेच करायची.

बाने आपला वाडगा संपवला. त्याला सगळे सारखेच होते. अय्यादने पहिला घास घेतला आणि ज्या चवीसाठी तो वर्षभर झुरला होता, ती चव जिभेवर आली. डाळ दाताखाली कचकचत होती. खाली लागल्याचा कडवट वास नाकात भरला. सौदिया समोर उभी राहून विचारत होती, आहे ना तश्शीच, आहे ना?

तश्शीच होती. त्याने दुसरा घास घेतला, आणि तो गिळता येईना.

यम्माला बिसारा कधीच जमला नव्हता.