स्वेटरमध्ये गुंडाळलेले रीळ

मित्रांनो, मी एक जुने रीळ आहे. माझ्यावर शिलाईचा दोरा नाही, टेनिसच्या रॅकेटला विणायची दोरी आहे. कारखान्यात गुरांच्या आतड्याच्या बारीक तंतूंना पीळ देऊन मला घडवले आणि लोणावळ्याला मकसूदभाईंच्या दुकानात पाठवले.

तुंगार्लीच्या बंगल्यांतून येणाऱ्या रॅकेटांचे गटिंग, म्हणजे दोरी विणण्याचे काम, मकसूदभाई करत. ते सुटी पाकिटे घेत नसत. पावसाळ्याआधी लोक आगोटीचा तांदूळ भरून ठेवतात, तसे ते वर्षाचे एकच मोठे रीळ मागवत. त्यांची मुलगी तमन्ना हसायची.

"अब्बा, पावसात टेनिस खेळतं कोण? बेडूक?"

"पाऊस उघडला की हेच बेडूक एकदम धावत येतात. तेव्हा दोरी तू आणणार का?"

मला ते तांदळाच्या डब्यात पुरून ठेवत. इथल्या दमट हवेत दोरी कुजते. तांदूळ ओल ओढून घेतो. तमन्नालाही त्यांनी मला विणायला शिकवले. जवळच्या कोर्टावर मुलांना टेनिस शिकवणारा कैलास वडिवळे गावचा. माझी दोरी घातलेल्या रॅकेटने पहिला चेंडू मारून तो मकसूदभाईंना म्हणाला, "भाऊ, लय गोड आवाज येतोय!" तेव्हा मला फार अभिमान वाटला.

त्याच वर्षी हिवाळ्यात मकसूदभाई गेले.

तमन्नाने मला डब्यातून काढले, त्यांच्या लोकरीच्या स्वेटरमध्ये गुंडाळले आणि कपाटात ठेवले. स्वेटरला त्यांचा वास होता. कैलास रॅकेट घेऊन आला, तेव्हा ती म्हणाली, "हे अब्बांचं शेवटचं रीळ आहे, कैलासदादा. हे संपलं तर..." कैलास परत गेला.

मी अंधारात वाट पाहत राहिले. पावसाळे आले नि गेले. लोकर ओल पीत होती आणि मला पाजत होती.

यंदा कैलास पुन्हा आला. "कोर्ट उखडून तितं बंगले बांधणार हायेत. रविवारी शेवटचा खेळ. भाऊंच्या दोरीनं खेळू दे मला. न्हाई म्हणू नकोस."

तमन्नाने स्वेटर उलगडला. त्याला बुरशीचा वास येत होता, दुसरा कसलाच नाही. तिने मला यंत्रावर लावले आणि ताण दिला. मी तुटले. तिने पुन्हा लावले. पुन्हा तुटले. मित्रांनो, मी ताण सोसायची खूप धडपड केली, पण माझ्यात जोर उरला नव्हता.

"ऱ्हाऊ दे," कैलास म्हणाला. "पुण्यातून करून आणतो."

"अब्बा तांदळात ठेवायचे," ती हळूच म्हणाली. "मला माहीत होतं."

तो गेल्यावर तिने मला त्याच स्वेटरमध्ये गुंडाळले आणि कपाट लावले.

मित्रांनो, एवढीच विनंती आहे. गेलेल्या माणसाची वस्तू नुसती जपू नका. ती ज्या कामाची, त्याच कामात तिला झिजू द्या. तुम्हाला अजून ते जमेल. तमन्नासाठी मात्र माझ्यात एका रॅकेटपुरतीही धड दोरी उरलेली नाही.