तीन टिंबं

तिने कळ दाबली आणि फाइल कायमची पुसली गेली.

"सुटलीस गं बाराखडी," शेजारची टेस्टिंगवाली खुर्ची वळवून म्हणाली.

हे नाव तिला त्या फाइलनेच चिकटवलं होतं. प्रोग्रॅममध्ये नाव, संख्या, तारीख अशा वेगवेगळ्या जातींच्या गोष्टी एका मोटेत बांधाव्या लागत. टपल म्हणतात तिला. लिहिलेलं तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर मोठा कडक. मोटेत कुठल्या जागी काय, हे आधी सांगितल्याखेरीज पाऊल पुढे टाकू देत नसे. म्हणून एका वस्तूच्या मोटेला एक साचा, दोन वस्तूंच्या मोटेला दुसरा, असे थेट बारापर्यंत तिने हाताने लिहिले होते. कुठे चूक सापडली की बाराही ठिकाणी तीच दुरुस्ती. दुसऱ्या कुणी हात लावला की एखादा साचा हटकून सुटायचा. मग साहेब गोड बोलून काम पुन्हा तिच्याच गळ्यात घालायचे. नकाशांचं नवं काम ती दरवर्षी मागायची आणि उत्तर ठरलेलं असायचं, ही फाइल संपू दे, मग बघू.

"ऑफिसात तरी काय वेगळं करतेस गं?" सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या. "इथेही प्रत्येकाचं ताट वेगळं, तिथेही तेच." ती हसली होती आणि तिने पुढचं ताट वाढायला घेतलं होतं.

आता भाषेची नवी आवृत्ती आली होती. जातीच्या नावापुढे तीन टिंबं दिली की झालं. मोटेत जितक्या वस्तू येतील तितक्या, सगळ्यांना एकच साचा पुरे. तो तिने खपून लिहिला, चाचण्या पार पडल्या आणि आज जुनी फाइल गेली.

ती तडक साहेबांकडे गेली. ते फळ्यावर पुढच्या वर्षाची कामं मांडत होते.

"साहेब, फाइल संपली."

"बघितलं. झकास काम." त्यांनी मार्कर उचलला. "आता कितीही चालतात ना? मग बाकीच्या टीमच्या मोटाही तुम्हीच बघा. तुमच्याइतकं कोणाला जमतंय?"

तिने नकाशांचं विचारलंच. ते काम मागेच दुसऱ्याला देऊन टाकल्याचं त्यांनी फळ्याकडे बघत सांगितलं आणि फोन वाजला तसे बाहेर गेले.

फळ्यावर लिहिलं होतं, 'मॅडम: बिलं, पगार, साठा...'

शेवटची टिंबं त्यांनी सहज दिली असणार, हात थांबला की माणूस देतो तशी. पण त्या टिंबांचा अर्थ तिच्याइतका कोणाला पाठ होता? जितकी येतील तितकी.

ती फळ्याजवळ गेली. मग बोटाने दोन टिंबं पुसली. एक राहू दिलं, वाक्याच्या शेवटी असतं तसं.

"काय म्हणाले?" टेस्टिंगवालीने विचारलं.

"बिलांचं आलंय," ती म्हणाली आणि नवी फाइल उघडून लिहू लागली. बोटाला लागलेली मार्करची निळी शाई एकेका कळेवर थोडी थोडी उतरत गेली.