वादळवीराचा डोळा

भिंगरीच्या डोळ्यावर पट्टी लावायची म्हणजे घरात रोज सकाळी एक लढाईच. भिंगरी पलंगाखाली, आई पलंगाबाहेर पोटावर आडवी, आणि मधे ती चिकटपट्टी. डोळा सोडून ती सगळ्याला चिकटायची. चादरीला, आईच्या केसांना, एकदा तर बाबाच्या शर्टाच्या पाठीला. तो तसाच ऑफिसात जाऊन आला आणि संध्याकाळी म्हणाला, "आज सगळे माझ्याशी फारच गोड वागत होते, काय भानगड आहे?"

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी सगळं नीट समजावलं होतं. मुलीचा उजवा डोळा आळशी आहे. डावा मुकाट्याने सगळं ओढतो, म्हणून उजवा बसून खातो. तेव्हा चांगला डावा डोळा रोज झाकायचा, म्हणजे आळशाला कामाला लागावंच लागेल. "हे याच वयात झालं पाहिजे हं," असं त्या जाता जाता म्हणाल्या, आणि त्या एका वाक्याने आईचा जीव टांगणीला लागला. एरवीही तिचा जीव जमिनीवर फार वेळ टिकायचा नाही. भिंगरी शिंकली की ही कपाळाला हात लावून बघायची, नाही शिंकली की 'आज शिंकली कशी नाही' म्हणून पुन्हा लावून बघायची.

लढाई थांबली ती मामामुळे. म्हणजे खरं तर वादळवीरामुळे.

भिंगरीच्या मामाचं कॉमिक्सचं दुकान होतं. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरकावं लागेल एवढं अरुंद, आणि छतापर्यंत अंक. तिथल्या सगळ्या वीरांत भिंगरीचा लाडका वादळवीर. निळा झगा, पायांत पिवळे बूट, फुंकर मारली की जहाज उलटं. त्या महिन्याच्या अंकात काचेचा मनोरा कोसळला आणि वादळवीराचा उजवा डोळा गेला. मुखपृष्ठावर काळी पट्टी बांधलेला वादळवीर, आणि वर आगीच्या ज्वाळांसारखी अक्षरं: 'हा बदल कायमचा!'

भिंगरीने तो अंक आरशाशेजारी धरला. आरशात स्वतःकडे पाहिलं, मग अंकाकडे, मग परत आरशात. दुसऱ्या दिवशी पलंगाखालून कोणालाच ओढून काढावं लागलं नाही. बाईसाहेब स्वतः पट्टीचं पाकीट घेऊन हजर. "लाव," म्हणाल्या, "पण काळी रंगव."

आई फोटो स्टुडिओत फोटो सुधारायचं काम करायची. घरी पडून असलेले काळ्या रंगाचे डबे भरपूर होते. तिने पट्ट्यांचं अख्खं पाकीट रंगवून वाळत घातलं.

आता कोणतीही शहाणी बाई सुखाने बसली असती. पण आयतं सुख पचवायची हिची कुठली पचनशक्ती! पहिला आठवडा आनंदात गेला, आणि दुसऱ्या आठवड्यात भाजी चिरताना तिच्या डोक्यात किडा वळवळला: त्या वादळवीराचा डोळा परत आला तर?

ती तशीच दुकानात गेली.

"दादा, खरं सांग. ह्याचा डोळा किती दिवस जाणार आहे?"

मामा शिडीवर उभा राहून धूळ झटकत होता. तो इतका हसला की शिडी हलली. "अगं, हा दोनदा मेलाय! एकदा तर आम्ही दुकानात मेणबत्ती लावली होती. चार अंकांनी परत आला, म्हणे समुद्राखाली झोपला होता. मग लग्न केलंन. मग ते लग्न झालंच नव्हतं असं निघालं."

"बायकोला विचारलं का कोणी?" कोपऱ्यातून आवाज आला. त्या गणिताच्या बाई. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी दुकानात यायच्या, स्टुलावर बसून नवे अंक वाचायच्या आणि एकही विकत न घेता घरी जायच्या. मामा म्हणायचा, दुकानाला जसा पंखा, तशा बाई.

"पण इथे छापलंय ना, बदल कायमचा," आई म्हणाली.

"छापणाऱ्याचं काय जातंय! नव्याचे नऊ दिवस, मग येरे माझ्या मागल्या," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "माझा नियम सांगते, लिहून घे. जे मुखपृष्ठावर ओरडून सांगतात ते कधी टिकत नाही. जे आत कुठेतरी कोपऱ्यात गुपचूप येऊन बसतं, ते जन्मभर हलत नाही. त्याची ती घरमालकीण बघ. खिडकीची काच कोणी फोडली एवढं विचारायला एका चौकटीत आली होती बिचारी. माझे केस काळे होते तेव्हा. अजून आहे."

"मग डोळा कधी येईल?"

"वार्षिक विशेषांकात," मामा आणि बाई एका सुरात म्हणाले.

वार्षिक विशेषांक सुट्टीच्या आधी. आणि डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, पट्टी निदान सुट्टी संपेपर्यंत. मधली दरी आईने घरी येईपर्यंत मनात दहा वेळा मोजली, आणि दर वेळी ती थोडी रुंदच निघाली.

तिने मधल्या काळात करून पाहायचं ते सगळं केलं. भिंगरीला हळूच दुसरे वीर दाखवले. एकाच्या चेहऱ्यावर मुखवटा होता, भिंगरी म्हणाली हा चोर दिसतो. समुद्री चाच्याची गोष्ट सांगून पाहिली. भिंगरी म्हणाली, "आई, तो आंघोळ करत नाही." वादळवीराला पर्याय नव्हता. रोज शाळेतून आल्यावर ती मागच्या अंकांतली चित्रं एका डोळ्याने, नाक कागदाला लावून बघत बसायची. कधी म्हणायची, "मांजर बघ, ह्या अंकात खिडकीत बसलंय." आई 'हो हो' म्हणायची. तिचं सगळं लक्ष पट्टीच्या कडा सुटल्यात का याच्यावर.

आणि एका दुपारी मामाचा फोन आला. "आला बरं का. दोन्ही डोळ्यांसकट."

आईने अंक पिशवीत लपवून स्टुडिओत नेला. तिथे तिचं रोजचं काम काय, तर मिटलेले डोळे उघडणं. पंचवीस माणसांच्या फोटोत एक तरी आत्या नेमक्या वेळी डोळे मिटते. मग दुसऱ्या फोटोतले तिचेच उघडे डोळे आणून इथे बसवायचे, की आत्या खूश. आज जेवणाच्या सुट्टीत तिने सगळ्यात बारीक कुंचला काढला, काळ्या पोस्टर रंगात बुडवला आणि पानामागून पान वादळवीराच्या डोळ्यावर पट्टी चढवत सुटली.

स्टुडिओवाले काका मागून डोकावले. "आयुष्यभर मिटलेले उघडलेस, आणि आज उघडे मिटतेस? बाई गं, कोणाच्या डोळ्यांत धूळ फेकते आहेस?"

"माझ्याच मुलीच्या," ती म्हणाली आणि जीभ चावली. पण हे काही खोटं बोलणं नव्हे, तिने स्वतःला समजावलं. हे खरंच, फक्त जरा उशिरा सांगणं.

पट्ट्या जमल्या. खरी पंचाईत शब्दांची. अख्खा अंकच डोळा परत आल्याबद्दलचा. डोंगरमाथ्यावर उभा राहून वादळवीर आरोळी ठोकतो, 'मला दिसतंय! दोन्ही डोळ्यांनी दिसतंय!' भिंगरी आता अक्षर अक्षर जुळवून वाचायला लागली होती. आईने ते शब्द पांढऱ्या रंगाने झाकले आणि वर न पुसणाऱ्या पेनाने सुबक अक्षरांत लिहिलं, 'मला दिसतंय! एका डोळ्यानंही पुरेसं दिसतंय!' डोंगरावर चढून आरोळी ठोकण्यासारखं ते वाक्य नव्हतं, पण वेळ मारून नेण्याइतकं होतं.

संध्याकाळी भिंगरी अंक घेऊन जमिनीवर पालथी पडली. आई स्वयंपाकघरातून कान देऊन. एक पान उलटलं. दुसरं उलटलं. मग काहीच नाही.

"आई."

"काय गं?"

"डोळा चुकलाय."

आई हात पुसत आली. भिंगरीने पानावर बोट ठेवलं होतं. "माझा डावा. ह्याचा उजवा. म्हणून तर आरशात बघितलं की आम्ही सारखे दिसतो. आज ह्यानं डावा का झाकलाय?"

रोज सकाळी डावा डोळा झाकून झाकून आईचा हात तिकडेच वळला होता. पंचवीस माणसांच्या फोटोत आत्याचे डोळे अचूक बसवणारी बाई एका माणसाच्या डोळ्यात चुकली.

"छापणाऱ्याची चूक असेल," आई म्हणाली. तेवढ्यात भिंगरीने बोट जिभेला लावून पट्टीवर घासलं. काळा रंग पसरला आणि त्याखालून वादळवीर दोन्ही डोळे टक्क उघडून मायलेकींकडे बघायला लागला.

आईने मनातल्या मनात पलंगाखाली शिरून घेतलं.

भिंगरीने पान दिव्यापाशी धरलं. आणि किंचाळलीच. "आला! आई, ह्याचा डोळा बरा झाला!" ती उठून स्वतःभोवती तीन गिरक्या घेऊन खाली बसली.

"तुला वाईट नाही वाटलं?"

"कशाचं?"

"म्हणजे... ह्यानं पट्टी काढली. आता तू एकटीच."

"अगं, बरा झाल्यावर काढणारच ना! मामानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"मी विचारलं, ही पट्टी कायमची का? तर मामा म्हणाला, ह्याचं काहीच कायमचं नसतं, थोडे महिने कळ काढतो नि परत पहिल्यासारखा. मग मी म्हटलं, थोडेच महिने ना, मग मीपण लावते." तिने आईकडे एका डोळ्याने कीव केल्यासारखं पाहिलं. "तू ते कायमचं खरं मानलंस? ते असंच ओरडतात गं वरती."

आई भिंतीला टेकून खालीच बसली. ज्या गोष्टीच्या धसक्याने ती इतके दिवस झुरत होती, त्याच गोष्टीच्या भरवशावर पोरगी पट्टी लावत होती. आणि दादा एवढं सांगून विसरूनही गेला होता!

"मग आता... उद्या?" तिने घाबरत विचारलं.

"उद्या काय? त्याच्यात शक्ती आहेत, तो लवकर बरा झाला. मला जरा वेळ लागेल." भिंगरी पुन्हा पालथी पडली. "पण तू हे सगळं पूस. त्याला दिसत नाहीये."

मग ओला कापूस घेऊन मायलेकी एकेक पान पुसत बसल्या. आई हलक्या हाताने एकेक डोळा उघडत गेली, तिचं रोजचंच काम. शेवटच्या पानावर भिंगरीने तिचा हात धरला. "बघ, मांजर अजून आहे." त्याच्या पट्टीच्या काळात कधीतरी खिडकीत येऊन बसलेलं एक कानफाटकं मांजर वादळवीराच्या उशीवर झोपलं होतं. त्याच्याबद्दल कोणी एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

सुट्टीत डॉक्टरबाईंनी तपासलं. चांगला डोळा झाकून भिंगरीने तक्त्यावरची खालून दुसरी ओळ घडाघडा वाचली. मागच्या खेपेला तिला वरून दुसरी जड गेली होती. "आणखी थोडे दिवस लावू, मग सोडू," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आणि सोडल्यावर परत आळशी झाला तर?" आईने विचारलंच.

"तपासत राहू. पण एकदा मेहनतीची सवय लागली की सहसा टिकते हो."

परत येताना दोघी दुकानात शिरल्या. भिंगरीने तो अंक मामाला दाखवायला आणला होता. शब्दांवरचं ते न पुसणारं पेन काही निघालं नव्हतं. गणिताच्या बाईंनी अंक हातात घेतला आणि डोंगरमाथ्यावरची आरोळी मोठ्याने वाचली. 'मला दिसतंय! एका डोळ्यानंही पुरेसं दिसतंय!' मग दोन्ही डोळे उघडे असलेलं चित्र पाहिलं. मग पुन्हा वाचलं.

"ही आवृत्ती माझ्या पाहण्यात नाही," त्या गंभीरपणे म्हणाल्या आणि पर्स उघडली. "विकत देणार का?"

मामा शिडीवरून पडता पडता वाचला.

"नाही," भिंगरी म्हणाली, "ह्यात माझ्या आईचं अक्षर आहे. तुम्ही मांजराचा अंक घ्या."

"कुठलं मांजर?" मामाने विचारलं.

बाईंनी चष्म्यावरून आईकडे पाहिलं. आई हसली, आणि तेवढ्यात भिंगरी शिंकली तरी त्या दिवशी पहिल्यांदाच आईने तिच्या कपाळाला हात लावला नाही. म्हणजे लावला, पण जरा वेळाने.