डोकं पुढे

आमच्या टेकडीवर डोली दोन तऱ्हांनी निघते. आजारी माणूस असेल तर डोकं पुढे आणि वाटभर गाणं. माणूस गेलेलं असेल तर पाय पुढे आणि वाटभर रडणं. वेताची डोली तीच, बांबू तेच, चार खांदेही तेच.

बंदूकवाल्यांनी वरचा कडा घेतला, पुलावर नाका बसवला, तेव्हापासून आम्ही नुसते रडतच निघायचो. दवाखाना पुलापलीकडे, कबरस्तानही पुलापलीकडे. आजाऱ्याला ते सोडत नसत. म्हणत, हा शत्रूचा जखमी शिपाई कशावरून नाही? मेलेल्याला मात्र टोपी काढून वाट देत. मग डोलीचे म्होरके कात्सुवाबाबा, त्यांनी युक्ती काढली. तीन आजारी माणसं आम्ही चादरीखाली, पाय पुढे करून, ऊर बडवत पलीकडे नेली. तिघंही बरी झाली आणि ओढ्याकाठच्या रानातून लपतछपत घरी आली. डोलीपुढे गाणारी मी. रडण्यातही पटाईत झाले. बाबा म्हणायचे, "म्बांबू, तू इतकं छान रडतेस की मलाच मरावंसं वाटतं."

मग सोकीच्या कळा सुरू झाल्या. दोन दिवस झाले, मूल आडवं. सुईणीनं हात धुतले आणि सांगितलं, आता दवाखान्यातली सुरीच. बाबा चादर घेऊन आले. सोकीनं ती पायानं ढकलली.

दवाखान्यातल्या नर्सबाईंचा निरोप आठवड्यापूर्वीच आला होता. नाक्यावरच्या वहीत आमच्या टेकडीची मेलेली तेवढी लिहिली होती, आजारी एकही नाही. म्हणून औषधांची गाडी वर सोडायला तिथला साहेब तयार नव्हता. कुणी आजारीच नाही, तर औषध कुणाला? आम्ही ऐकून गप्प बसलो होतो. सोकी बसली नाही.

"कळ आली की मी ओरडणार," ती म्हणाली. "मढं ओरडतं का, बाबा? आणि मेलेल्यांना औषध कोण पाठवणार? मला जिवंत न्या."

त्यांनी अडवलं तर, असं बाबांनी विचारलं. सोकी म्हणाली, मग त्यांच्यासमोर ओरडेन.

बाबांनी चादरीची घडी घातली आणि तिच्या डोक्याखाली उशाला दिली. सोकीचा नवरा न्झांझू पुढच्या बांबूला लागला, बाबा त्याच्या शेजारी. किती महिन्यांनी मी घसा मोकळा केला.

डोली चालली चालली, दगडा रे, वाट सोड,
जिवामधी आहे जीव, वाऱ्या, नको काढू खोड.

शेंगांच्या वाफ्यांतून बाया उठून उभ्या राहिल्या. गाणं ऐकून एकीनं तोंडावर हात ठेवला.

नाक्यावर साहेब खुर्चीत बसला होता, मांडीवर वही. त्यानं पानं उलटली. तीन महिन्यांत तीन मयत, आजारी शून्य; मग ही कोण, असं त्यानं विचारलं. शिपाई डोलीभोवती फिरले. डोली खाली ठेवावी लागली.

बाबा बांबू सोडून पुढे गेले.

"ती तिघं जिवंत आहेत, साहेब. मी मारली होती, तुमच्या वहीपुरती. आजाऱ्याला वाट असती तर खोटं रडावं लागलं नसतं. खोटं माझं, मला ठेवा. दवाखान्याची वाट तिच्या हक्काची आहे."

तेवढ्यात सोकीला कळ आली. तिचं ओरडणं पुलाखालच्या पाण्यावर आपटून परत आलं. एका शिपायानं मान खाली घातली.

"बाईला जाऊ द्या," साहेब म्हणाला. "म्हातारा इथंच राहील."

"मग लिहा," बाबा म्हणाले. "आजारी, एक."

त्यानं लिहिलं. मी पाहिलं.

आता तीनच खांदे उरले. आमच्याकडे बाया बांबूला हात लावत नाहीत. मी गाणं तोडलं आणि खांदा दिला. न्झांझू बाजूला सरकला. माझ्या उंचीला येईल इतका गुडघ्यात वाकला आणि तसाच वाकून पूल ओलांडला.

दुपारी मुलगी झाली. सोकी वाचली.

बाबांना नवव्या दिवशी सोडलं. पुलाच्या आमच्या बाजूला ते रस्त्याकडेला पडले होते. बरगड्या दुखत होत्या, चालवत नव्हतं. आम्ही डोली आणली. मी न विचारताच बांबूपाशी माझ्या जागी उभी राहिले.

"पाय पुढे करू नका रे," बाबा म्हणाले, "अजून आहे मी."

डोकं पुढे ठेवून दवाखान्याकडे निघालो. तोच नाका, तोच साहेब. त्यानं वही उघडली, आमच्याकडे न बघता एक ओळ लिहिली आणि अडसर वर केला. औषधांची गाडी अजून आलेली नव्हती. पण वहीत आता आजारी दोन झाले होते.

बांबू खांद्यावर घेऊन गाताना मला धाप लागत होती. डोलीतून बाबांचा आवाज आला.

"रडायचीस तेव्हा सूर बरा लागायचा गं. पण गा. थांबू नकोस."